अत्यवस्थ प्रौढ आणि वृद्ध रुग्णांसाठी परिचारिकांचे पदव्युत्तर प्रशिक्षण : कोणत्या निकषावर निवडावे?

रात्रपाळी

बी.एस्सी. नर्सिंग करून काही वर्षे आयसीयूत काढलेल्या आमच्यासारख्यांसमोर पुढच्या शिक्षणाचा प्रश्न आला, की चर्चा बहुधा दोनच मुद्द्यांवर येऊन थांबते : कोणत्या पदवीला परदेशात मागणी आहे आणि कोणत्या पदवीने अध्यापनाची नोकरी मिळते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु ती पदवी घेऊन रुग्णाच्या उशाशी उभे राहिल्यावर आज येत नाही असे काय करता येणार आहे, हे विचारणारे कमी आढळतात. या धाग्यात त्याचीच चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. परिचारिकेने रुग्ण तपासावा, निदानाचा विचार करावा आणि ठरलेल्या मर्यादेत उपचारही सुरू करावेत, या ‘नर्स प्रॅक्टिशनर’ भूमिकेसाठीचा पहिला अभ्यासक्रम १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केला. तो मुलांसाठी होता आणि रुग्णालयाबाहेरच्या सेवेसाठी होता. अत्यवस्थ रुग्णांच्या शाखेला स्वतःची प्रमाणपत्र परीक्षा मिळायला १९९५ साल उजाडले. पुढे २००८ मध्ये तेथील परिचारिका संघटनांनी मिळून जो आराखडा मान्य केला, त्यात प्रौढांचा आणि वृद्धांचा असे वेगवेगळे अभ्यासक्रम एकत्र आणले गेले, कारण वृद्ध रुग्ण ही काही मोजक्या तज्ज्ञांकडे सोपवून देण्याजोगी बाब राहिली नव्हती. आयसीयूत काम करणाऱ्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

माझे मत असे आहे, की विलीनीकरण कागदावर झाले, शिकवण्यात झाले नाही. व्हेंटिलेटर, रक्तदाबाच्या ड्रिप, सेंट्रल लाइन, शॉकचे प्रकार हे सारे मन लावून शिकवले जाते. वृद्धांचा भाग मात्र शेवटच्या सत्रात दोन-चार व्याख्यानांत उरकला जातो. जणू वृद्ध रुग्ण म्हणजे पांढऱ्या केसांचा प्रौढ रुग्ण.

एक साधे उदाहरण घेऊ. ८४ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या एक आजी न्यूमोनियाने दाखल झाल्या आहेत आणि त्यांचे क्रिएटिनीन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.० आले आहे. या आकड्याभोवती कोणीही लाल शाईचे वर्तुळ काढणार नाही, कारण तो प्रयोगशाळेने छापलेल्या मर्यादेत चोख बसतो. परंतु क्रिएटिनीन स्नायूंतून येते आणि आजींच्या अंगावर स्नायू फारसे उरलेले नाहीत. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब मांडला, म्हणजे १४० मधून वय वजा केले, त्याला वजनाने गुणले, क्रिएटिनीनच्या ७२ पटीने भागले आणि स्त्री असल्यामुळे ०.८५ ने गुणले, तर मूत्रपिंडे किती रक्त शुद्ध करतात याचे उत्तर मिनिटाला सुमारे २८ मिलिलिटर येते. ही संख्या ३० च्या खाली गेली, की एनोक्सापारिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा उपचाराचा डोस बदलावा लागतो आणि अनेक अँटिबायोटिक्सचाही फेरविचार करावा लागतो. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहे म्हणून नेहमीचा डोस चालू राहिला, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जो रक्तस्राव होईल त्याचे कारण कोणी दाखल होतानाच्या क्रिएटिनीनमध्ये शोधणार नाही.

हा हिशेब करायला दोन वर्षांची पदवी लागत नाही, हे मला मान्य आहे. परंतु तो करावासा वाटणे, राऊंडच्या आधी करणे आणि त्यावरून डोस बदलण्याचा प्रस्ताव जबाबदारीने मांडणे, ही सवय लावणारे प्रशिक्षण कोठे मिळते, हा माझा प्रश्न आहे. ज्यांनी असा अभ्यासक्रम केला आहे, शिकवला आहे किंवा अशा परिचारिकांबरोबर काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोरा_केसपेपर

चांगला विषय. भारतातील पर्यायांविषयी जी माहिती पक्की आहे तेवढी देते.

येथे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे नेहमीची दोन वर्षांची एम.एस्सी. नर्सिंग. त्यात मेडिकल-सर्जिकल हा विषय घेतल्यास दुसऱ्या वर्षी उपशाखा निवडता येते, आणि गंमत अशी, की अतिदक्षता ही एक उपशाखा आहे आणि वृद्धांची शुश्रूषा ही दुसरी. म्हणजे ज्या दोन गोष्टी एकत्र शिकायच्या, त्यांतली एक निवडली की दुसरी सुटते. वृद्धांची उपशाखा घेणारे विद्यार्थी मी तरी क्वचितच पाहिले.

दुसरी वाट म्हणजे भारतीय परिचर्या परिषदेने आणलेला ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम. त्यासाठी बी.एस्सी. नर्सिंग आणि किमान एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो, आणि तो शक्यतो अतिदक्षता विभागातील असावा असे म्हटले आहे. त्याचा ढाचा वर्गापेक्षा वॉर्डकडे झुकलेला आहे : विद्यार्थी आयसीयूत ड्युटी करतात, कौशल्यांची नोंद लॉगबुकात होते आणि प्रीसेप्टर (प्रत्यक्ष कामात शिकवणारा वरिष्ठ) त्यावर सही करतो. उपचारांचे अधिकार संस्थेच्या लेखी प्रोटोकॉलच्या आणि स्थायी आदेशांच्या चौकटीत असतात. स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा हा परवाना नव्हे, हे प्रवेश घेणाऱ्यांनी आधीच लक्षात घेतलेले बरे.

रात्रपाळी यांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालते. अभ्यासक्रम ज्या आयसीयूत चालतो, तेथे कोणते रुग्ण येतात यावर शिक्षणाचा निम्मा दर्जा ठरतो. जेथे मुख्यतः अपघाताचे तरुण रुग्ण असतात, तेथे दोन वर्षे काढलेल्या विद्यार्थ्याचे लॉगबुक भरगच्च असेल, पण नितंबाचे हाड मोडून आलेली, आधीपासून नऊ औषधे घेणारी, कमी ऐकू येणारी रुग्ण त्याने हाताळलेली नसेल.

भूलशास्त्री

मी आयसीयूत काम करणारा डॉक्टर आहे, त्यामुळे माझी शंका कोणाला आवडणार नाही. तरीही ती मांडतो, कारण धागा गंभीरपणे चालला आहे.

अनुभवी परिचारिकेची नजर किती मोलाची असते हे मला कोणी पटवून द्यायची गरज नाही. रुग्ण बिघडतो आहे हे मॉनिटरच्या आधी सिस्टरांना कळलेले मी अनेकदा पाहिले आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. ‘काहीतरी बिघडते आहे’ येथपासून ‘हे बिघडते आहे आणि म्हणून आता हे करायचे’ येथपर्यंतचे अंतर वैद्यकीय शिक्षणात अनेक वर्षांनी आणि हजारो तासांनी कापले जाते. अमेरिकेतील अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमांना किमान ५०० तासांचे देखरेखीखालील काम पुरत असे. २०२२ च्या नव्या मानकांत ते किमान ७५० केले गेले. ७५० तास म्हणजे पूर्णवेळ कामाचे साधारण साडेचार महिने. एवढ्या अवधीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे निर्णय घ्यायला कोणी तयार होईल का?

आणि वृद्धांच्या बाबतीत तर अडचण दुप्पट आहे. तरुण रुग्णात एका वेळी एकच अवयव आजारी असतो, पाठ्यपुस्तक त्याच्यासाठी लिहिलेले असते. वृद्ध रुग्णात हृदयासाठी द्रव कमी करावा लागतो आणि मूत्रपिंडासाठी वाढवावा लागतो, तेही एकाच सकाळी.

रात्रपाळी

भूलशास्त्री सर, शंका योग्य आहे आणि आकडेही योग्य आहेत. दोन गोष्टी मात्र त्यांच्या बाजूला ठेवायला हव्यात.

पहिली अशी, की ते ७५० तास कोऱ्या पाटीवर लिहिले जात नाहीत. अत्यवस्थ रुग्णांच्या शाखेत येणारी परिचारिका साधारणतः आयसीयूत किंवा तातडीच्या विभागात काम करून आलेली असते. ड्रिपचा वेग कमी-जास्त केल्यावर रक्तदाबाचे काय होते, सक्शन करताना ऑक्सिजन किती पडतो, हे तिने पाहिलेले असते. अर्थात अनुभव म्हणजे प्रशिक्षण नव्हे, याची मला जाणीव आहे. दहा वर्षे आदेश पाळण्याचा अनुभव हा आदेश देण्याचा अनुभव होत नाही, आणि काही अभ्यासक्रम या दोहोंत गल्लत करतात. नव्या मानकांतला एक तपशील मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो : हे तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचेच धरायचे आहेत, पुतळ्यावरच्या सरावाचे त्यात मोजायचे नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे ही भूमिका डॉक्टरांच्या जागी नसून चमूच्या आत आहे. इंग्लंडमध्ये अतिदक्षता विभागातील अशा प्रगत व्यावसायिकांचा अभ्यासक्रम अतिदक्षता वैद्यकाच्याच फॅकल्टीने आखलेला आहे आणि त्यांचे काम तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालते. तेथील २०१७ च्या राष्ट्रीय आराखड्यात प्रगत क्लिनिकल कामाचे चार खांब मांडले आहेत : रुग्णसेवा, नेतृत्व, शिक्षण आणि संशोधन. प्रत्यक्षात पहिल्या खांबावर सगळा भार येतो आणि उरलेले तीन शोभेला राहतात, अशी कुरकूर तिथल्या परिचारिकाही करतात. पण तो वेगळा विषय झाला.

आपण दिलेले द्रवाचे उदाहरण उत्तम आहे, कारण अशा रुग्णात सकाळी घेतलेला निर्णय दुपारी तपासून पाहावा लागतो. दुपारी पलंगाजवळ कोण असते, याचे उत्तर आपल्याला माहीत आहे.

ट्यूटरबाई

मी क्लिनिकल अध्यापन करते, त्यामुळे तास किती यापेक्षा त्या तासांत काय घडते याविषयी लिहिते.

वृद्ध रुग्णाचे शिक्षण वेगळ्या व्याख्यानात देऊन उपयोग नाही. ते प्रत्येक पलंगाजवळ द्यावे लागते. मी विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात व्हेंटिलेटर दाखवत नाही. हँडओव्हर ऐकायला लावते आणि ‘रात्रभर शांत होते, काही त्रास नाही’ असे ज्या वृद्ध रुग्णाविषयी सांगितले जाईल, त्याच्याकडे सर्वांत आधी जायला सांगते. जो रुग्ण ओरडतो, नळ्या ओढतो, त्याचा गोंधळ सर्वांना दिसतो आणि त्याच्यासाठी डॉक्टरांना फोनही जातो. जो डोळे अर्धवट मिटून पडून राहतो, विचारले तर ‘हो’ म्हणतो आणि पुन्हा हरवतो, त्याच्या डिलिरियमची (आजारपणात अचानक येणाऱ्या संभ्रमाची) नोंद केसपेपरवर होत नाही, कारण तो कोणाला त्रास देत नाही. वृद्धांमध्ये हा दुसरा प्रकार फार आढळतो आणि तोच निसटतो.

त्यासाठीची तपासणी दोन मिनिटांची आहे. आयसीयूत वापरायची पद्धत २००१ मध्ये वेस्ली ईली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तिचा पाया शेरॉन इनौये यांच्या १९९० च्या पद्धतीत आहे. आधी रुग्ण किती जागा आहे ते ठरवायचे. हाकेला अजिबात प्रतिसाद नसेल तर तपासणी थांबवायची आणि नंतर पुन्हा यायचे. रुग्ण डोळे उघडत असेल तर त्याचा हात हातात घ्यायचा आणि त्याला सांगायचे, की मी दहा अक्षरे उच्चारीन, त्यांत ठरलेले अक्षर आले की माझा हात दाबा. दोनपेक्षा अधिक चुका झाल्या तर अवधान ढळलेले आहे असे धरायचे. त्यासोबत बदल अचानक झालेला किंवा चढउताराचा असेल, आणि शुद्धीची पातळी बदललेली किंवा विचारांत विस्कळीतपणा असेल, तर ते डिलिरियम ठरते. नळी घातलेल्या, बोलू न शकणाऱ्या रुग्णातही हे करता येते, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य.

येथवर बी.एस्सी. झालेली कोणतीही परिचारिका नीट करू शकते. पदव्युत्तर विद्यार्थ्याची परीक्षा यापुढे सुरू होते. डिलिरियम आहे, मग तो कशामुळे? लघवी तुंबली आहे का, हे मूत्राशयाच्या स्कॅनने पाहिले का? शेवटचे पोट साफ कधी झाले? कालच्या औषधांत झोपेसाठी बेंझोडायझेपिन, खाज येते म्हणून डायफेनहायड्रामीन असे काही नव्याने चढले आहे का? वृद्धांनी टाळण्याच्या औषधांची जी यादी मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये प्रथम केली आणि जी अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटी सुधारत असते, तिच्यात ही दोन्ही आहेत. श्रवणयंत्र आणि चष्मा नातेवाइकांनी घरी नेऊन ठेवला आहे का? सोडियम किती आहे? वेदना आहेत पण सांगता येत नाहीत, असे तर नाही? हे सर्व तपासून झाल्यावर विद्यार्थ्याने माझ्यासमोर बोलायचे असते : माझ्या मते कारण हे, म्हणून हे औषध थांबवावे, हे तपासावे, आणि संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही तर माझा पुढचा विचार हा. ‘फिजिशियनना कळवले’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. कळवायचे असतेच, पण काय सुचवले ते मला ऐकायचे असते.

लॉगबुकात मात्र या सगळ्याला रकाना नसतो. त्यात ‘आर्टीरियल लाइन (धमनीत घातलेली नळी) : निरीक्षण, साहाय्य, स्वतंत्रपणे’ असे तीन रकाने असतात, आणि विद्यार्थी रकान्यांच्या मागे धावतात. त्यात त्यांचा दोष नाही.

वाचनमात्र

मी या क्षेत्रातला नाही. एरवी वाचतो आणि निघून जातो, पण ट्यूटरबाईंचा प्रतिसाद वाचून एक प्रश्न विचारावासा वाटला. वृद्ध रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवायचे की नाही, पुढे किती करायचे, ही चर्चा घरच्यांशी कोण करते? आमच्या घरी ती चर्चा आयसीयूच्या दाराबाहेर उभ्या-उभ्या, घाईत झाली. अशा संभाषणाचे प्रशिक्षण या अभ्यासक्रमांत असते का?

ट्यूटरबाई

असते, आणि चांगल्या अभ्यासक्रमात त्याची परीक्षाही असते. वृद्धांच्या सेवेचा चार मुद्द्यांचा एक आराखडा अमेरिकेत बराच रुजला आहे : रुग्णाला काय महत्त्वाचे वाटते, औषधे, मनाची स्थिती आणि हालचाल. त्यात पहिले स्थान रुग्णाला काय महत्त्वाचे वाटते यालाच दिलेले आहे.

या संभाषणाआधी एक माहिती गोळा करावी लागते, ती म्हणजे आजारापूर्वी, साधारण दोन आठवडे आधी, रुग्ण काय काय स्वतः करू शकत होता. केनेथ रॉकवूड यांची दुर्बलतेची श्रेणी १ ते ९ अशी आहे आणि ती त्या आधीच्या स्थितीवरून द्यायची असते, पलंगावर आज दिसणाऱ्या स्थितीवरून नव्हे. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे, की मी विद्यार्थ्यांना श्रेणी लिहिण्यापूर्वी नातेवाइकांशी बोलल्याची नोंद दाखवायला सांगते. ८० वर्षांचा रोज स्वतः बाजारहाट करणारा माणूस आणि ६८ वर्षांचा, अंघोळीलाही मदत लागणारा माणूस यांच्यापुढचा रस्ता वेगळा आहे, आणि तो वयाच्या आकड्यात दिसत नाही. परिचारिकेने निर्णय सांगायचा नसतो. तो डॉक्टर, रुग्ण आणि कुटुंब मिळून घेतात. परंतु ही माहिती तिने आधी मिळवून मांडली, बसायला जागा केली आणि कोण काय ऐकून गेले हे नंतर पुन्हा विचारले, तर आपण वर्णन केलेला दाराबाहेरचा प्रसंग पुष्कळ टळतो.

स्थलांतरित

मी अमेरिकेत याच शाखेत शिक्षण घेऊन काम करते आहे, म्हणून व्यावहारिक बाजू सांगते.

येथे प्रौढ-वृद्ध गटातच दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, एक प्राथमिक सेवेचा आणि दुसरा अत्यवस्थ सेवेचा. दोहोंतला फरक जागेने ठरत नाही, रुग्णाच्या स्थितीने ठरतो. रुग्ण अस्थिर आहे, पटकन बिघडू शकतो, उपकरणांवर अवलंबून आहे, तर तो दुसऱ्या गटातला, मग तो आयसीयूत असो, वॉर्डात असो वा एखाद्या विशेष क्लिनिकमध्ये. प्राथमिक सेवेचे शिक्षण घेऊन आयसीयूत नोकरी धरणारे लोक पुढे परवान्याच्या प्रश्नात अडकतात, तेव्हा आयसीयूतच राहायचे असेल तर सुरुवातीलाच नीट निवडावे.

पदवीनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा असते. ती घेणाऱ्या दोन संस्था आहेत, अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शिअलिंग सेंटर आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ क्रिटिकल-केअर नर्सेस. दोहोंची प्रमाणपत्रे पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागतात. काही राज्यांत स्वतंत्रपणे काम करता येते, काहींत डॉक्टरांशी लेखी करार लागतो. मास्टर्स पुरते की डॉक्टरेट हवी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. २००४ मध्ये नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने २०१५ पर्यंत या भूमिकेसाठी डॉक्टरेट ही प्रवेशाची पदवी व्हावी असा ठराव केला होता. ते साल येऊन गेले आणि मास्टर्सचे अभ्यासक्रम अजून चालू आहेत.

भूलशास्त्री सरांच्या शंकेवर थोडेसे. पदवी संपल्या दिवशी मी तयार होते असे मला कधीच वाटले नाही, आणि तसे वाटणाऱ्यांची मला धास्ती वाटते. म्हणूनच अनेक रुग्णालये पदवीनंतर वर्षभराची फेलोशिप, म्हणजे देखरेखीखालचे आणखी प्रशिक्षण, ठेवतात. मूळ देशातून येणाऱ्यांनी जाहिरातीत पदवीचा काळ किती कमी आहे हे पाहण्याऐवजी ही पुढची सोय आहे का हे पाहावे. आणखी एक : ऑनलाइन अभ्यासक्रमांपैकी काही ठिकाणी प्रीसेप्टर शोधण्याचे काम विद्यार्थ्याच्याच गळ्यात असते. मग जो मिळेल तो डॉक्टर, जे मिळतील ते रुग्ण, असे तास भरले जातात. फी घेणाऱ्या संस्थेने निदान शिकवणारा माणूस तरी द्यावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

भूलशास्त्री

फेलोशिपचा मुद्दा पटला. मी वर जे तास मोजले त्यात हे वर्ष धरले नव्हते.

ट्यूटरबाईंच्या लॉगबुकाच्या तक्रारीवर एक सूचना करतो. कौशल्य आणि वृद्धांचा विचार हे दोन रकाने वेगळे ठेवण्याची गरजच नाही. व्हेंटिलेटरचेच घ्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एआरडीएसनेट या संशोधन-गटाच्या, फुफ्फुसांना गंभीर इजा झालेल्या रुग्णांवरील अभ्यासात दर किलोला १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर श्वास दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले, हे सर्वांना पाठ असते. पण किलो कोणते? तराजूवरचे नव्हे, उंची आणि लिंग यांवरून काढलेले. १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी ते सुमारे ४३ किलो येते, म्हणजे श्वास साधारण २६० मिलिलिटरचा. आता पाठीला बाक आलेल्या, गुडघे पूर्ण सरळ न होणाऱ्या आजींची उंची पलंगावर टेप लावून कशी मोजणार? अंदाजाने लिहिलेली उंची मी रोज पाहतो. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढायचे तक्ते आहेत, ते वापरणारा विद्यार्थी दिसला तर मी त्याच्या लॉगबुकावर आनंदाने सही करीन.

रक्तदाबाचेही तसेच. मीन प्रेशर, म्हणजे सरासरी रक्तदाब, ६५ ठेवा हे आपण सर्वांना शिकवतो. परंतु ६५ वर्षे आणि त्यापुढील रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६० ते ६५ एवढ्यावर समाधान मानलेल्या गटात ९० दिवसांतील मृत्यू ४१ टक्के होते आणि नेहमीच्या पद्धतीच्या गटात ४३.८ टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणण्याजोगा नव्हता, त्यामुळे सर्वांचे लक्ष्य खाली आणा असे त्यातून निघत नाही. पण प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या मागे नॉरअॅड्रेनलिन (रक्तदाब वाढवणारे औषध) वाढवत धावण्याआधी थांबून विचार करावा, एवढे निघते. असा विचार करणारा सहकारी मला रात्री दोन वाजता हवा आहे, त्याची पदवी कोणतीही असो.

आकडेमोड

धाग्यात अजून न आलेला, पण अशा चर्चेत हमखास येणारा एक दाखला आधीच तपासून ठेवतो. ‘परिचारिका जितक्या शिकलेल्या, तितके मृत्यू कमी’ असे सांगताना परिचर्या-संशोधक लिंडा एकन यांच्या अभ्यासांचा आधार घेतला जातो. २००३ च्या अमेरिकन अभ्यासात बॅचलर पदवीधारक परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असेल तेथे शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळली. २०१४ च्या नऊ युरोपीय देशांतील अभ्यासात ती ७ टक्क्यांनी कमी आढळली. हे अभ्यास भक्कम आहेत, परंतु ते बॅचलर पदवीविषयी आहेत, पदव्युत्तर भूमिकेविषयी नाहीत, आणि त्यांत संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. शिवाय त्याच युरोपीय अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष सोयीस्करपणे गाळला जातो : प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. पदव्युत्तर शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या संस्थांनी पलंगांमागचे मनुष्यबळही मोजावे.

जुनी_स्टाफ

आकडेमोड यांनी माझ्या मनातले लिहिले. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरने असाच अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी पूर्ण केला आणि परत आल्यावर तिला तिच्याच आयसीयूत, त्याच पदावर, त्याच ड्युटी-यादीत घातले गेले. तिने डोस बदलण्याविषयी काही सुचवले, तर निवासी डॉक्टरांना ते आगाऊपणाचे वाटे आणि जुन्या सहकाऱ्यांना शिष्टपणाचे. वर्षभरात ती महाविद्यालयात शिकवायला निघून गेली. रुग्णालयाने आपलीच चांगली परिचारिका स्वतःच्या खर्चाने घालवली, असेच म्हणावे लागेल. पद, अधिकारांचे लेखी स्वरूप आणि वेगळी वेतनश्रेणी या तीन गोष्टी आधी ठरल्या नसतील तर दोन वर्षांचे शिक्षण वाया जाते.

हालचालीचा मुद्दा वर एका ओळीत येऊन गेला, त्याविषयीही लिहिते. २००७ च्या एका छोट्या अभ्यासात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर पायांतील सुमारे एक किलो स्नायू गेला. तेही निरोगी असताना. आमच्याकडे पलंगाचे कठडे वर, कॅथेटर चालू आणि ‘पडतील’ या भीतीने उठवायचे नाही, असे आठवडे जातात. व्हेंटिलेटरवरील रुग्णाला उठवून बसवणे हे औषधाइतकेच निर्णयाचे काम आहे : आज ऑक्सिजन किती लागतो, ड्रिप किती चालू आहे, कोण कोण हाताशी आहे. प्रगत प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेने दुसरे काही केले नाही आणि रोज सकाळी ‘आज यांना का उठवायचे नाही?’ एवढा प्रश्न राऊंडमध्ये विचारून कॅथेटर काढायला लावले, तरी मी तिच्या पदवीला मान देईन.

रात्रपाळी

सर्वांचे आभार. जुनी_स्टाफ ताईंनी मांडलेला पदाचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता, इतका तो निर्णायक आहे. मी सध्या दोन संस्थांची माहिती काढतो आहे आणि पुढच्या आठवड्यात एका ठिकाणी समक्ष जाणार आहे. ट्यूटरबाई, तेथे गेल्यावर नेमके काय विचारू?

ट्यूटरबाई

माहितीपत्रक घेऊ नका, मागच्या तुकडीतील एखाद्या विद्यार्थ्याचे भरलेले लॉगबुक पाहायला मागा. रुग्णांची ओळख झाकून ते दाखवता येते. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. त्यात रुग्णांची वये पाहा. सही करणारे प्रीसेप्टर किती वेगवेगळे आहेत ते पाहा, कारण सर्व पानांवर एकच सही आणि एकाच पेनाची शाई असेल तर ते लॉगबुक एका संध्याकाळी भरलेले असते. प्रीसेप्टरमागे विद्यार्थी किती, रात्रीच्या पोस्टिंगला शिकवणारा कोणी असतो का, आणि विद्यार्थी हजर असताना त्याला स्टाफच्या संख्येत धरतात का, हे विद्यार्थ्यांनाच विचारा, कार्यालयात नको. धरत असतील तर तुम्ही दोन वर्षे कमी पगारात ड्युटी कराल आणि शिकाल फारच थोडे.

शेवटी आयसीयूत दहा मिनिटे उभे राहू द्या म्हणावे. राऊंड चालू असेल तर विद्यार्थी कोठे उभा आहे ते पाहा : रुग्णाच्या बाजूला उभा राहून स्वतः केस मांडतो आहे, की मागे फाइल धरून लिहून घेतो आहे.

रात्रपाळी

नोंद करून घेतले. जाऊन आल्यावर येथेच लिहितो. लॉगबुक दाखवले नाही तरी लिहितो.